गिरणी चालू असताना खोकायचं

आमच्या गावात माणूस आजारी पडला की त्याला एकटं पडून राहायची सोय नसते. मागे एकदा आमचे मालक मोटारसायकलवरून घसरले आणि त्यांच्या नडगीचं हाड मोडलं, तेव्हा अख्खं गाव आमच्या ओसरीवर येऊन बसलं. कुणाच्या हातात बिस्किटाचा पुडा, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात मोसंबी. आलेल्या माणसाचे तीन प्रश्न ठरलेले असतात. काय झालं, कवा झालं, कोन डाक्टर. तिन्हींची उत्तरं त्याला वाटेतच कळलेली असतात, तरी विचारायची. मग प्रत्येकाच्या ओळखीत अगदी असाच पाय मोडलेला एक माणूस निघतो आणि तो हल्ली उसाच्या मोळ्या उचलत असतो. मग चहा. मी चहा करून करून इतकी वैतागले, की आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाले, "हाड त्यांचं मोडलं अन् कंबर माझी मोडली." ती बिस्किटं आम्ही पुढं दिवाळीपर्यंत खात होतो.

त्यानंतर मी आजारी पडले, तेव्हा कुणीच आलं नाही. बिस्किटाचा एक पुडासुद्धा आला नाही.

यात गावाचा दोष नाही. गावाला आम्हीच सांगितलं होतं, की सुनंदा पुण्याला पोरीकडं गेलीय. आणि मी आमच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून पडलेली होते.

आता बरी आहे म्हणून लिहिते आहे. अशीच कुठल्या तरी गावाला पाठवलेली एखादी बाई आतल्या खोलीत पडलेली असेल, तिच्या हातात हे पडावं एवढीच इच्छा आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही. ती डॉक्टरांनी सांगायची.

मोकळी फिरलेली गिरणी

कोल्हारच्या अलीकडं प्रवरेच्या काठाला आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हापासून गिरणी मीच चालवते. मालक शेत बघतात. गावातला कुठला डबा कुठल्या घराचा हे मला झाकणावरून कळतं. ज्वारी किती आली यावरून त्या घरात पाहुणे आहेत का, लेक बाळंतपणाला आलीय का, हेही कळतं. बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही. बाया दळण टाकायला यायच्या आणि पीठ थंड होईपर्यंत हलायच्या नाहीत.

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही. सगळे कारण विचारतात. पोर नोकरीला पुण्याला गेली म्हणून का? घरात काही झालं का? नवरा काही बोलला का? तसं काही नव्हतं. कारण असतं तर निदान त्याच्या नावानं रडता तरी आलं असतं.

आधी झोप गेली. मग भाकरीची चव गेली. बाया बोलायच्या ते ऐकू यायचं, पण त्यावर काय बोलायचं ते सुचायचं नाही, म्हणून मी गिरणीचा आवाज पुढं करायचे. "ऐकू येत न्हाई बाई" म्हणायचे. एक दिवस डबे रांगेत मांडलेले होते आणि त्यातला एकही मला ओळखू येईना. म्हणजे दिसत होते सगळे, पण कुणाचे ते कळेना. एका घरचा गहू मी दुसऱ्या घरच्या ज्वारीवर ओतला. मग तिथंच पोत्यावर बसले. वरून धान्य संपलं, तरी गिरणी फिरतच राहिली. गिरणी मोकळी फिरली की दगडावर दगड घासतो आणि दोन्ही खराब होतात, हे या धंद्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तो आवाज ऐकून मालक शेजारच्या गोठ्यातून पळत आले.

"अगं, कानात बोळे घातलेत का काय? मोकळी फिरतीय ती!"

मला सगळं कळत होतं. बटण हाताला लागेल एवढ्यावर होतं. हात उचलला नाही, एवढंच. मालकांनी गिरणी बंद केली आणि मी रडायला लागले. ते बिचारे गव्हात मिसळलेल्या ज्वारीकडं बघत राहिले, कारण माझ्याकडं कसं बघायचं ते त्यांना कळेना.

पुणे

पुण्याची युक्ती आत्याबाईंची. त्यांनी आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग डोक्याला तेल लावलं. मग मी तशीच आहे बघून दार लोटून घेतलं आणि मालकांना म्हणाल्या, "पोरीची बघाबघी सुरू व्हईल आता. आई डोक्यानं गेली म्हनल्यावर कोन पाऊल टाकंल दारात? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुन्याला गेलीय म्हनून सांग."

कुणी म्हणेल, सासू दुष्ट होती. नव्हती. याच आत्याबाई रोज दुपारी नाचणीची पेज घेऊन यायच्या आणि वाटी संपेपर्यंत माझ्या पायाशी बसून राहायच्या. आणि खरं सांगायचं तर मलाही पुणेच हवं होतं. माझ्या तोंडाकडं कुणी बघावं असं वाटत नव्हतं. मी मान हलवली आणि पडल्या पडल्या पुण्याला गेले.

गिरणी आणि ती खोली यांच्यात एकच भिंत आहे. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या उन्हाळ्यात भिंतीचा कान मी होते. पलीकडं आता मालक दळायचे, बाया यायच्या. मालकांना विचारायच्या, "भाऊ, सुनंदाबाई कवा येनार?" मालक म्हणायचे, "येईल की. पोरीला करून घालतीय." मग एकजण म्हणायची, "मजा हाय बाबा. बसून खायाचं अन् टीव्ही बघायचा." सगळ्या हसायच्या. मी इकडं पोपडे धरलेल्या भिंतीला नाक लावून पडलेली. त्यांच्या आणि माझ्यात एक वीत अंतर असेल. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

अडचण खोकल्याची होती. इतकी वर्षं पीठ छातीत गेलंय, माझा खोकला सगळ्या गावाला माहीत. लांबून म्हणतात, सुनंदा आली. म्हणून आत्याबाईंनी नियम घालून दिला, की गिरणी चालू असताना खोकायचं. बंद असताना उशी तोंडात धरायची. मी ते पाळलं. दुपारी लाईट जायची, गिरणी थांबायची, आणि बाया लाईटची वाट बघत ओसरीवरच बसायच्या. ते तास मला फार कठीण जायचे. घशात खवखव, डोळ्यांतून पाणी, आणि पलीकडं कुणीतरी शेंगा सोलतंय त्याचा आवाज. आपण मेलो असू आणि आपल्याला कुणी सांगितलं नसेल, असं मला त्या दुपारी वाटायचं.

पोरीचे हाल वेगळेच. गावातल्या बाया तिला फोन करायच्या, "आईला दे की जरा." ती म्हणायची, "आई अंघोळीला गेलीय." पुढं पुढं बाया म्हणायला लागल्या, पुण्यात गेल्यापासून सुनंदा लई अंघोळ करती.

मंगल

मंगल आमच्या गावची आशाताई. आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या घेऊन महिन्याला यायची. बाई कामाची, पण तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची ख्याती. त्या दुपारी ती ओसरीवर आत्याबाईंशी बोलत होती, गिरणी चालू होती, मी बिनधास्त खोकत होते, आणि लाईट गेली.

खोकला काही बटणावर बंद होत नाही.

ओसरीवर एकदम शांत झालं. मग मंगलचा आवाज आला. "आत्याबाई, पुन्याचा खोकला हितपर्यंत ऐकू येतो व्हय गं?"

ती आत आली. आत्याबाई मागून "अगं, अगं" करत होत्या. मंगलनं माझ्याकडं बघितलं. माझे केस, साडी, त्या खोलीचा वास. मला वाटलं, झालं, संध्याकाळपर्यंत ही गावभर. ती खाली बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "किती दिस झालं गं वैनी, असं?"

मी म्हणाले, "माहीत नाही." कितीतरी दिवसांनी घरच्यांशिवाय दुसऱ्या माणसाशी बोललेले ते पहिले शब्द.

तिनं मला उपकेंद्रावर चल म्हणून सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "ती पुन्याला हाय, कशी येईल?" हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मंगलला हसू आवरेना. शेवटी उपकेंद्रातल्या मॅडमच आत्याबाईंचं बीपी मोजायचं निमित्त करून आमच्याकडं आल्या. मंगलनं गावात एक अक्षर बोलल्याचं मला आजतागायत ऐकायला आलेलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी इथून पुढं म्हणणार नाही.

नाव सांगितलं तो दिवस

मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी आत्याबाईंचं बीपी खरंच मोजलं. मग माझ्याकडं वळून साधे साधे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, पूर्वी जे आवडायचं ते आवडतं का, दिवसभर कसं वाटतं. मी म्हणाले, "आवडायचं काय होतं तेच आठवत न्हाई." त्यांनी मान हलवली. जणू मी गुडघा दुखतो असं म्हणाले होते.

त्या म्हणाल्या, "मावशी, हा आजार आहे. नैराश्य म्हणतात. बाहेरचं काही नाही आणि तुमचा आळसही नाही. राहात्याला सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. मी चिठ्ठी देते."

नैराश्य हा शब्द मी पेपरात वाचला होता, मॅच हरल्यावर असतं ते. तो आपल्या अंगात इतके दिवस राहतोय हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणजे आजाराला नाव होतं. दुसऱ्या कुणाला तरी तो झालेला होता. आत्याबाईंना मात्र "मनाचे डॉक्टर" एवढंच ऐकू गेलं. त्या उठून देवाजवळ जाऊन बसल्या.

राहात्याच्या डॉक्टरांनी एक प्रश्न सरळ विचारला. "मेलेलं बरं, असं मनात येतं का?"

मालक माझ्या शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणाले, "मरावं असं न्हाई. पण उद्या सकाळ झाली न्हाई तरी चालंल, असं रोज वाटतं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे याहून वाढलं, तर आपल्या वाराची वाट बघायची नाही, लगेच यायचं, आणि त्याआधी घरात सांगायचं. माझं हे बोलणं मालकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या दिवसापासून ते गिरणीवरून मधूनमधून आत यायचे, भुवयांवर पीठ, दारात उभं राहून विचारायचे, "हाईस ना?" मी म्हणायचे, "हाय." मग जायचे. आमच्या संसारात एवढं प्रेमाचं बोलणं आधी झालेलं मला आठवत नाही.

स्कार्फवाली

आता दवाखान्यात जायचं म्हणजे पंचाईत. मी तर पुण्याला. म्हणून तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना पोरीचा जुना काळा चष्मा, अंगात तिचाच पंजाबी ड्रेस, अशी मी मालकांच्या मागं बसून कॅनॉलच्या रस्त्यानं राहात्याला जायचे.

व्हायचं तेच झालं. बायको पुण्याला गेलीय आणि हा बाबा दर आठवड्याला ड्रेसवाली बाई मागं बसवून राहात्याला जातो, ही बातमी गावात पसरली. एकीनं गिरणीवर येऊन आत्याबाईंच्या कानाशी ओरडून सांगितलं, "लेकाला आवरा. सुनंदाबाईचं वाटोळं करंल." भिंतीपलीकडून मी सगळं ऐकत होते. माझ्या नवऱ्याचं माझ्याशीच लफडं. मला हसायला हवं होतं. हसू येत नाही हे बघून मला रडू आलं, आणि गिरणी चालू असल्यामुळं तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

मग पुण्याहून परत येणं भाग होतं. मालकांनी मला बाभळेश्वरला सोडलं. तिथून मी एसटीत बसले आणि भर दुपारी गावच्या फाट्यावर पिशवी घेऊन उतरले. पिशवीत बाभळेश्वरलाच घेतलेली भाकरवडी. बाया गोळा झाल्या. "पुन्याचं पानी मानवलं न्हाई गं तुला, किती वाळलीस." सगळ्यांनी भाकरवडी खाल्ली आणि पुण्याच्या भाकरवडीला तोड नाही म्हणाल्या.

मी गावात परत आले खरी. पण भिंतीच्या अलीकडं होते तेव्हा निदान मला ठाऊक होतं, की मी एकटी आहे. आता बारा बाया भोवती बसायच्या, मी त्यांच्यात बसून गोळ्यांनी कोरड्या पडलेल्या जिभेनं पुण्याच्या गोष्टी रचून सांगायची, आणि त्यांच्यातल्या एकीलाही मी भेटलेली नसायची.

औषधाचं सांगते, कारण याबाबतीत फार जण घाई करतात. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मी दोनदा म्हणाले, गोळ्या नकोत. मॅडम म्हणाल्या, थांबा. मग एक दिवस मी आत भाजी निवडत होते, मालक गिरणीवर होते, आणि आवाजावरून मला कळलं की ते कुणाचं तरी पीठ जाड काढताहेत. मला असा राग आला! उठले, गिरणीवर गेले आणि म्हणाले, "पीठ दळताय का रवा?" मालक माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले. शिवी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाकडं

राहात्याला मी मग एकटीच एसटीनं जायला लागले. गावात सांगायचे, दाढेचं काम चालू आहे. मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं आहे. एकदा तिथं जाऊन बसले आणि शेजारी बघते तर कल्पना. आमच्याच गावातल्या पारूबाईंची सून. माहेर डोंगरात, राजूरकडं. नवरा कारखान्यात. दोन लहान मुलं.

"काकू, तुमी हिकडं?"

"दाढ दुखतीय गं. तू?"

"मामंजींच्या डोळ्याचं इचाराया आले."

आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरची पोस्टरं वाचायला लागलो. थोड्या वेळानं दार उघडलं आणि आतून एकामागोमाग आम्हा दोघींची नावं पुकारली. माझी दाढ आणि तिच्या सासऱ्यांचे डोळे एकाच दारातून आत गेले.

बाहेर आल्यावर ती एसटी स्टँडपर्यंत माझ्या चार पावलं मागं चालत आली. मग जवळ येऊन म्हणाली, "काकू, गावात बोलू नका."

मी म्हणाले, "तूपन नको."

त्या बाकड्यावर पुढं आमची भेट होत राहिली. ती सांगायची, सकाळी केस विंचरायला फणी उचलवत नाही. मी सांगायची, मला डबे ओळखू येत नव्हते. ती म्हणायची, घरातली म्हणतात, डोंगरातली पोर, कामाचा कंटाळा. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवते. एवढंच बोलणं, पण अख्ख्या जगात माझं खरं बोलणं तेवढंच होतं. गावात मात्र ती गिरणीवर डबा ठेवायची, "बारीक दळा काकू" म्हणायची आणि पदर सारखा करून निघून जायची. मीही दुसऱ्या डब्याकडं वळायची.

मग ती बाकड्यावर यायची थांबली.

डबा घेऊन पारूबाई यायला लागल्या. मी विचारलं, "कल्पना कुठंय?"

"राजूरला गेलीय, म्हायेरी. तिच्या आईला बरं न्हाई." आणि ज्वारीच्या डब्यामागून एक छोटी पिशवी पुढं केली. "ही जरा बारीक दळ."

पिशवीत नाचणी होती. इतक्या वर्षांत पारूबाईंच्या घरून नाचणी कधी आलेली नाही. त्या घरात कुणाला ती आवडत नाही. खाणारी एकटी कल्पना, आणि ती तर राजूरला.

मी नाचणी बारीक दळली. पीठ हातात गरम लागत होतं. आत्याबाईंनी माझ्यासाठी मालकांकडून अशीच दळून घेतली होती.

मंगलला गाठलं. ती म्हणाली, "मला दारातूनच परत लावली गं. दोन येळा. राजूरला गेलीय म्हनत्यात. मॅडमलाबी तेच सांगितलं. मी काय दार मोडू?"

आशाताईला परत लावता येतं. मॅडमलाही परत लावता येतं. पण आमच्या गावात नारळ घेऊन आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला दारातून परत लावत नाहीत. वैऱ्याला लावत नाहीत. हे मला कळत होतं, आणि मी तरीही तीन-चार दिवस गप्प बसले. कारण ती घरात आहे हे तुला कसं माहीत, असं कुणी विचारलं, तर मला एकच खरं उत्तर होतं.

नारळ

पुढं जे झालं त्याचा परिणाम आधीच सांगते, म्हणजे कुणाला उगीच गोड वाटायला नको. पोरीसाठी श्रीरामपूरकडच्या एका घरी बोलणं चाललं होतं, त्यांचा फोन परत आला नाही. काही डबे पलीकडच्या गिरणीत गेले. काही परत आले, पण त्यांच्याबरोबरच्या बाया आता पीठ थंड व्हायची वाट बघत नाहीत. मी रागावले तर एकमेकींकडं बघतात, हसले तरी बघतात. पोरीला मी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आई, तुझी अंघोळ तरी संपली एकदाची." ती हसत होती का, ते मला आवाजावरून कळलं नाही. आणि मला भेटायला अजूनही कुणी आलेलं नाही. आता मी बरी आहे, आता कशाला येतील.

त्या दिवशी मी घरात सांगितलं, की मी कल्पनाला बघायला चाललेय. मालक म्हणाले, "येडी का खुळी तू? श्रीरामपूरची मानसं येनार हायेत. सगळ्यांना कळंल तुझं."

"कळू दे."

"पोरीचा इचार कर."

"तिचाच करतीय. उद्या ती अशी पडली, तर तिला कुठल्या गावाला पाठवायचं?"

ते उठून गिरणीवर गेले. मी पायात चप्पल घातली. बाहेर पडणार तेवढ्यात आत्याबाईंनी हाक मारली. पुण्याची युक्ती काढणाऱ्या याच आत्याबाई. मला वाटलं, आता आडव्या येतात. त्या देवघरातून नारळ घेऊन आल्या, बरोबर बिस्किटाचा पुडा. दोन्ही माझ्या हातात दिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ ने."

पारूबाईंचं घर वरच्या आळीला. मागच्या बोळानं जाता येतं, पण मी मधल्या आळीनं गेले, पारावरून, दुकानावरून. हातातला नारळ बघून बायका विचारत होत्या, "कोन आजारी हाय गं?" मी सांगत होते, "कल्पना." त्या म्हणायच्या, "अगं ती तर राजूरला हाय." मी पुढं चालत होते.

पारूबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या नारळाकडं बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"ती न्हाई घरी. राजूरला गेलीय."

मी म्हणाले, "पारूबाई, मीपन अशीच पुन्याला गेल्ते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मागं आळीत दोघी-तिघी थांबल्या होत्या, त्यांनी ऐकलं हे मला कळलं. मी आणखी सांगितलं. पुण्याला कधीच गेले नव्हते, गिरणीमागं पडून होते, राहात्याच्या गोळ्या खाऊन उठले. भाकरवडीसुद्धा बाभळेश्वरची होती. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. मग पारूबाईंनी सूप उचललं आणि दारातून बाजूला झाल्या.

आतली खोली अंधारी होती. खिडकीला जुनी चादर बांधलेली. कल्पना भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी नारळ आणि पुडा तिच्या उशाशी ठेवला. खाली बसले. काय बोलावं ते बाकड्यावर सुचलं असतं, इथं सुचेना. शेवटी जे सगळे विचारतात तेच विचारलं.

"काय झालं गं? कवा झालं? कोन डाक्टर?"

ती हळूहळू वळली. केसांच्या जटा झाल्या होत्या. तिनं नारळाकडं बघितलं, बिस्किटाकडं बघितलं. मग घाबरून दाराकडं बघितलं.

"काकू, येताना कुनी बघितलं का तुमाला?"

"समद्यांनी बघितलं."

ती हाताचा जोर देऊन उठून बसली, पदर सारखा केला आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आत्या, काकू आल्यात मला बघाया. च्या टाका."